रुमालाखालचा हात

डॉक्टरांनी रबरी हातोडीने माझ्या भावाच्या गुडघ्यावर तिसऱ्यांदा ठोकलं. पाय हलला नाही. त्यांनी हातोडी खिशात ठेवली आणि मला बाहेर बोलावलं.

"गुलेन बॅरे सिंड्रोम वाटतोय. आम्ही जीबीएस म्हणतो. शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते. पायापासून सुरू होतं आणि वर चढत जातं. छातीपर्यंत आलं तर श्वासासाठी मशीन लागेल. पायात मुंग्या कधीपासून आहेत?"

"चार दिवस झाले."

"मग चार दिवस तुम्ही काय करत होतात?"

एरवी कुणी मला असं विचारलं तर मी त्याला दोन सवाल उलटे टाकतो. त्या दिवशी भरतीच्या कागदावर सही करून मोकळा झालो. त्यांच्या सवालाचं उत्तर आज लिहितो आहे, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरात असा माणूस पलंगावर बसलेला असेल आणि तुम्हीही माझ्यासारखेच शहाणे असाल, तर चार दिवस घालवू नका.

मी मारुती, म्हशींचा व्यापारी. मुरगूडजवळचं आमचं गाव. वीस-बावीस वर्षं मी म्हशी घेतोय, विकतोय. सुरुवात एका रेडकावर केली. कुणाचा हात पाठीवर नव्हता. भावाचा तर नव्हताच. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. तोही याच धंद्यात, पण आमचे गोठे वेगळे, गिऱ्हाइकं वेगळी. एका बांधाला घरं असून आम्ही कामापुरतं बोलायचो. त्याचं कारण पुढे येईलच.

गावात जनावर बसलं की लोक मला बोलावतात. व्यायलेली म्हैस कधी कधी दुसऱ्या दिवशी खाली बसते, मान एका कुशीला टाकते आणि काही केल्या उठत नाही. अंगातलं कॅल्शियम दुधावाटे गेलेलं असतं. डॉक्टर येईपर्यंत मी मान धरतो, बोटांनी चाचपून शीर शोधून ठेवतो. शिरेतून कॅल्शियमची बाटली लागली की अर्ध्या तासात म्हैस अंग झाडून उभी. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याची मला खात्रीच झाली होती.

वहिनी दारात आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, ह्यास्नी उठता येईना झालंय. पायात जीव न्हाय म्हणत्यात." तेव्हा मी काय केलं असेल? कागलहून कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या. दोन वेळा दूध, दोन वेळा गोळी. दादा पलंगावर बसून माझ्याकडे बघत होता.

"मी काय व्यायलोय व्हय रं?" तो म्हणाला. तेव्हा त्याला हसता येत होतं.

पंधरा दिवसांपूर्वी त्याला जुलाब झाले होते. ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं. या आजारात असं पुष्कळदा होतं म्हणे: आधी जुलाब किंवा ताप येऊन जातो, माणूस बरा होतो, आणि मग पाय जातात. चौथ्या दिवशी दूध त्याच्या नाकातून बाहेर आलं. घशाचीही ताकद गेली होती. तेव्हा मी गाडी काढली आणि कोल्हापूर गाठलं.

पहिल्या दिवशी दोन तपासण्या झाल्या. नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसेला विजेचा बारीक झटका देऊन तो किती वेगाने पुढे जातो ते बघायचं. आणि लंबर पंक्चर, म्हणजे कंबरेच्या मणक्यातून सुईने पाणी काढून तपासायचं. दोन्हींचं उत्तर एकच आलं. औषध होतं आयव्हीआयजी. दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिकारशक्तीची द्रव्यं शिरेतून देतात. पाच दिवस, रोज. किंमत ऐकल्यावर मी नेहमीच्या सवयीने बसलो सौद्याला.

"पाचाचं चारात बसवा की, डॉक्टर."

"डोस वजनावर ठरतो," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या बोलण्यावर नाही."

मी खाली येऊन औषधाच्या काउंटरवर हात आपटला. तिथल्या पोरीला काय काय बोललो ते लिहीत नाही. रखवालदार आला. तेवढ्यात वरून एक सिस्टर उतरल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांचं आडनाव मुल्ला. अख्खं हॉस्पिटल त्यांना मुल्ला सिस्टर म्हणायचं.

"पावणं," त्या म्हणाल्या, "ओरडायचं असंल तर पायऱ्या उतरून रस्त्यावर ओरडा. वर माणसं एकेक श्वास मोजून घ्यायल्यात."

मोजून, हे त्यांनी उगाच म्हटलं नव्हतं. त्या दादाजवळ जायच्या आणि म्हणायच्या, "मालक, एका दमात आकडे मोजा." मोठा श्वास घ्यायचा आणि एक, दोन, तीन म्हणत सुटायचं. जिथे दम संपेल तो आकडा त्या लिहून ठेवायच्या. छातीत किती ताकद उरली आहे हे त्यावरून कळतं. दुपारी दादा बावीसपर्यंत गेला. संध्याकाळी चौदा. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ.

मी आयुष्यभर आकडे खाली पाडत आलोय. समोरच्याचा आकडा खाली आला की माझा जीव वर येतो. त्या दिवशी पहिल्यांदा मी काचेबाहेर उभा राहून मनात म्हणत होतो, दहा म्हण. अजून एक. अकरा म्हण.

दुपारी त्याच्या तोंडातून नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर, म्हणजे श्वासाच्या मशीनवर ठेवलं.

तुम्हाला कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगतो. या आजारात माणूस आतून पूर्ण जागा असतो. त्याला ऐकू येतं, कळतं, दुखतं. फक्त हलता येत नाही. दादाची नळी तोंडात, त्यामुळे बोलणं बंद. तोंडाच्या नसा गेलेल्या, त्यामुळे पापणीही धड मिटत नव्हती. डोळे मिचकावून हो-नाही सांगायची सोय नाही. नातेवाईक बाहेर रडतात आणि आत जाऊन त्याच्यासमोर त्याचंच बोलतात, जसा तो तिथे नाहीच. तसं करू नका.

तिसऱ्या दिवशी मुल्ला सिस्टर त्याला विचारत होत्या, "दुखतंय का? किती? शून्य ते दहा." विचारून त्याच थांबल्या, कारण उत्तर कसं येणार? दादाच्या उजव्या हाताची बोटं तेवढी जरा हलत होती. चादरीवर ती बोटं काहीतरी शोधत होती. ते मी ओळखलं.

आमच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. घेणारा आणि देणारा हातात हात घेतात, वर रुमाल टाकतात आणि बोटांनी बोलतात. किती बोटं धरली, कुठल्या पेराला दाबलं, यावर आकडा. भोवती पन्नास माणसं उभी असतात, पण सौदा दोघांनाच कळतो. पटेपर्यंत हात सोडायचा नाही. ज्याने हात सोडला, त्याने सौदा मोडला. ही भाषा मला दादानेच शिकवली. मी दहा वर्षांचा असेन. त्याच्या खांद्यावरच्या टॉवेलाखाली.

मी खिशातला रुमाल काढला आणि त्याच्या हातावर टाकला. खरं तर रुमालाची गरज नव्हती. पण त्याशिवाय मला ते जमलंच नसतं. मी एकेक बोट त्याच्या तळहातात देत गेलो. आठव्याला त्याने दाबलं. इतकं हलकं, की माशी बसावी.

"आठ," मी म्हणालो.

"कशावरनं?" मुल्ला सिस्टर म्हणाल्या.

"त्यानंच सांगितलं की."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, रुमालाकडे बघितलं, आणि जाऊन डॉक्टरांना फोन लावला. दुखणं कमी करायचं इंजेक्शन आलं. तासाभराने मी पुन्हा विचारलं. तीन.

त्या दिवसापासून मला भेटीच्या वेळेबाहेरही आत सोडायला लागले. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असं आम्ही ठरवलं. पाय सरळ करू? एक. तहान? एक. वहिनींना बोलावू? दोन. त्याला त्यांचं रडणं बघायचं नव्हतं.

मी तिथे बसायचो आणि सिस्टरांचं काम बघायचो. पाठ पुसताना एक हात खांद्याखाली कसा जातो. तोंड कसं साफ करतात. नळीतला कफ ओढायच्या आधी दर वेळी त्या सांगायच्या, "मालक, आता जरा त्रास होईल, दहा मोजा." तो उत्तर देणार नाही हे माहीत असूनही. अठरा वर्षांचा असताना मला हेच काम करायचं होतं.

मी कागलला बारावी सायन्स केली. आमच्या वर्गातल्या दोन मुलींनी नर्सिंगचा फॉर्म भरला, त्यांच्याबरोबर मीही भरला. घरात आई अंथरुणाला होती. तिचं मीच बघायचो. ते काम मला आवडायचं. हे गड्याने बोलायचं नसतं, म्हणून मी कधी बोललो नाही. मुलींना मुलाखतीचं पत्र आलं. मला आलं नाही. मी दादाला विचारलं. वडील नव्हते, टपाल तोच घ्यायचा. "पत्र न्हाय आलं," तो म्हणाला. पोस्टमन मात्र मला म्हणाला होता, "दिलंय की तुझ्या भावाकडं."

मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, नाही. वर्षाने विचारलं, आई गेल्यावर विचारलं, माझ्या लग्नात विचारलं. नाही. मग मी माझा गोठा वेगळा केला.

आता तो समोर होता. त्याचा हात माझ्या हातात होता आणि त्याला उठून जाता येत नव्हतं. आयुष्यात इतका पक्का सौदा माझ्या हाताखाली कधी आला नव्हता. नवव्या दिवशी मी रुमाल टाकला आणि हळू आवाजात विचारलं, "दादा, ती चिठ्ठी आलीती का?"

मी एक बोट दिलं. त्याने दाबलं.

माझं डोकं फिरलं. दुसरं बोट द्यायचं मी विसरलो. हात काढून घेतला, रुमाल खिशात घातला आणि बाहेर आलो. शिरोलीत एका फौंड्रीवाल्याला घरच्या दुधासाठी म्हैस हवी होती. सरळ गाडी काढून तिकडे गेलो. त्याच्याशी उगाचच भांडलो. दुसऱ्या दिवशीही हॉस्पिटलला गेलो नाही. वहिनींचा फोन आला, तो घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मुल्ला सिस्टर दारातच भेटल्या.

"कुठं गेलतासा?"

"काम होतं."

"काल दुपारी तुमच्या भावाच्या डोळ्यांतनं धार लागलीती. नाडी एकशेवीसवर. आमी नळी बघितली, लघवीची पिशवी बघितली, ताप बघितला, दुखायचं औषध दिलं. थांबंना. दोन तासांनी कूस बदलायला घेतलं, तर कान उशीखाली दुमडलेला. काळानिळा झालावता." त्यांनी चष्मा काढून पदराच्या जागी अॅप्रनला पुसला. "कान! कुणाला सुचणार हो? त्यांची भाषा तुमाला येती, आमाला येत न्हाय. रुसायचं असंल तर रुसा. पण आधी आमाला शिकवून जावा."

मी आत गेलो. कान अजून लाल होता. दादा माझ्याकडे बघत नव्हता. बघू शकत होता, पण बघत नव्हता. त्या कानावर हात ठेवून उभा राहिलो. तो गरम होता.

ही बोटांची भाषा कुणाला सांगायची नसते. आमच्यातले लोक स्वतःच्या जावयाला सांगत नाहीत. त्यावर आमचं पोट आहे. त्या दिवशी दुपारी मी आयसीयूत चार सिस्टरांना उभं केलं आणि शिकवली. एक हो, दोन नाही, तीन कूस बदला, चार कफ काढा, पाच दुखतंय, सहा डोकं-मान-कान बघा. कागदावर लिहून पलंगाच्या डोक्याशी चिकटवलं. मुल्ला सिस्टर पटकन शिकल्या. दुसऱ्या दिवसापासून ड्युटीवर आल्या की आधी रुमाल टाकायच्या आणि विचारायच्या, "काय मालक, आज काय भाव?"

एक लहान सिस्टर होती, तिला जमेना. ती म्हणाली, "काका, यांचं दोन आणि तीन सारखंच लागतंय."

"बोट देऊन लगेच वडू नकोस," मी म्हणालो. "थांब. समोरच्याला विचार करू दे. घाई केलीस की गिऱ्हाईक गेलं."

दादाच्या ओठाचा एक कोपरा हलला. तो आजारातला पहिला हलका दिवस.

तिसऱ्या आठवड्यात ट्रेकिओस्टॉमी केली, म्हणजे गळ्यापाशी भोक पाडून श्वासाची नळी तिथून बसवली. ऐकून घाबरायला होतं, पण घाबरू नका. तोंड मोकळं होतं आणि माणसाला बरं वाटतं. मग मशीन रोज थोडा वेळ बंद ठेवायला लागले. दहा मिनिटं, अर्धा तास, दुपारभर. पाय जसे आधी गेले तसे शेवटी येतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. "हा आजार चढताना घाई करतो, उतरताना करत नाही. तुम्ही घाई करू नका." हे ते माझ्याकडे बघून म्हणाले.

ज्या दिवशी नळीला टोपण लावून त्याला बोलू दिलं, तेव्हा मी आणि वहिनी दोघंही होतो. आवाज घोगरा, पत्र्यावर घासल्यासारखा. वहिनींना वाटलं पाणी मागेल.

"जाळली, मारत्या," तो म्हणाला. "चुलीत घातली."

वहिनींना काही कळलं नाही. मला कळलं.

"का?"

त्याने श्वास गोळा केला. "बा न्हवता. आई तशी. तू गेला असतास तर मागं आला नसतास."

"काय लिवलंतं त्यात?"

"इंग्रजीत हुतं. वाचून घेतलं कुणाकडनं तरी. सकाळी बोलिवलंतं. दोन फोटू घिऊन."

"किती वाजता?"

"आठवत न्हाय रं."

किती वाजता, हे मला कधीच कळणार नाही. मोठमोठ्या गोष्टी माणूस गिळतो. हे एवढंसं माझ्या गळ्यात अडकलं आहे. मी त्याला माफ केलं असं लिहिलं तर खोटं होईल. पण आठवड्याभराने त्याला खुर्चीत बसवायचं होतं, तेव्हा एका बाजूला मुल्ला सिस्टर होत्या आणि दुसऱ्या बाजूला मी. त्याचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं. "आता पाय रोवा," सिस्टर मला म्हणाल्या, "आणि त्यांचा गुडघा तुमच्या गुडघ्यानं अडवा. हां. अगदी. हे कुणी शिकवलं तुमाला?"

कुणीच नाही. आईला मी तसंच उचलायचो.

दोन महिन्यांनी दादा घरी आला. मी बाजारात गेलो, पण हात चालेना. रुमालाखाली हात घातला की मला नाडी लागायची. एक म्हैस मी अर्ध्या बोलीवर सोडून आलो. रात्रीचं जेवण झाल्यावर बायकोला सांगितलं, मला हॉस्पिटलात काम करायचंय. संगीता माझ्यापेक्षा पक्की आहे. माझं धंद्यातलं निम्मं शहाणपण तिचं.

"हास्पिटलात काम?" ती म्हणाली. "ह्या वयात? आन् पोरीचं कॉलेज? आन् घराचं उरलेलं कर्ज?"

"सकाळची पाळी करंन. दोन म्हशी ठिवू."

"चार."

"चारांची वैरण कोण काढंल?"

"मी काढंन. आन् एक वर्ष. वर्षात जमलं न्हाय तर पुन्ना बाजारात. आन् कुणी हसलं तर भांडून यायचं न्हाय."

तिसरी अट मला जड गेली. तरी मी सौदा केला.

मग कोल्हापुरातल्या एका नर्सिंग स्कूलमध्ये गेलो. खिडकीतल्या माणसाने माझी जन्मतारीख बघितली आणि कागद परत सरकवला. "काका, वयाची अट असते. तुमची केव्हाच उलटली."

"काही सूट?"

"हा बाजार नाही, काका."

मी त्याला बाजार म्हणजे काय ते सांगणार होतो. संगीताची अट आठवली. बाहेर येऊन पायरीवर बसलो. निळ्या गणवेशातली पोरं-पोरी समोरून जात होती, हातात टिफिन, काखेत वह्या. अठरा, एकोणीस. त्यातला एक सडपातळ पोरगा पायरी चढताना घड्याळाकडे बघून पळाला. तो आत जाईपर्यंत मी त्याच्याकडे बघत होतो. उशीर झाला तर याला रागावतील, एवढंच माझ्या मनात आलं. मला कुणी रागावायलाही नव्हतं.

मुल्ला सिस्टरांनी वाट दाखवली. रुग्णसहायकाचा वर्षभराचा अभ्यासक्रम असतो. वयाची आडकाठी नाही. रुग्णाला उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं, ताप-नाडी-रक्तदाब बघणं शिकवतात. नर्स होता येत नाही. इंजेक्शन देता येत नाही. शिरेला सुई लावता येत नाही. "पण पलंगाजवळ उभं राहता येतं," त्या म्हणाल्या. "ते तर तुमाला पायजे हाय नव्हं?"

बाजारात बातमी फुटायला आठवडा लागला नाही. "काय मारुतीराव, आता रेड्यांना सलाईन लावणार व्हय?" "लगा, बेडपॅन उचलताना रुमाल टाकतोस का न्हाय वर?" मी दात आवळून हसलो. घरी येऊन वैरण इतक्या जोरात तोडली की विळ्याची मूठ निघाली.

प्रवेशाच्या आदल्या दिवशी दादाने बोलावलं. तो अंगणात खुर्चीत, पुढे वॉकर. पंजे अजून धड मिटत नाहीत. कप दोन्ही हातांनी धरतो. त्याने खांद्यावरचा टॉवेल ओढून मांडीवर घेतला आणि हात पुढे केला. मी बसलो. टॉवेलाखाली त्याची बोटं माझ्या बोटांवर आली.

"माझ्या गोठ्यातलं सांजचं दूध तुझ्या नावानं डेअरीला जाईल, पैसं तुला," तो म्हणाला. "किती म्हैनं, ते तू सांगू नगंस. मी सांगतो."

दोनदा पंजा, मग दोन बोटं. बारा.

समोरच्याचा पहिला आकडा मी आजवर कधी घेतला नव्हता. सासऱ्याचा घेतला नव्हता, डॉक्टरांचाही नव्हता. माझी बोटं सवयीने वर सरकली. त्याच्या पंजात ताकद नव्हती. मी ओढलं असतं तर सुटला असता. मी ओढलं नाही. बाराला बारा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी शर्टाच्या खिशात दोन फोटो घेऊन गेलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "फोटो नकोत, इथे कॅमेऱ्यावर काढतो." फोटो मी परत खिशात ठेवले. अजून पाकिटात आहेत.

आता वर्ष होऊन गेलं, अभ्यासक्रम पुरा झाला. मी त्याच हॉस्पिटलात, त्याच आयसीयूत सकाळच्या पाळीला असतो. पगार बाजाराच्या मानाने थोडा. चार म्हशी आहेत, संगीता आहे, पोरीचं कॉलेज चालू आहे. ओढाताण होते, नाही म्हणत नाही. सात वाजता ड्युटी लागते. मी साडेसहाला दारात असतो. आजवर एकदाही उशीर केलेला नाही.

ज्यांच्या घरात हा आजार आलाय त्यांना माझं सांगणं थोडं आहे. पाय गेले तर वाट बघू नका, त्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांकडे न्या. आत पडलेल्या माणसाशी बोला. त्याचा एक तरी अवयव हलत असेल, तो शोधा आणि त्याच्याशी भाषा ठरवा, कुठलीही चालते. ती सिस्टरांना शिकवा. आणि कान बघा. सिस्टर ओरडल्या तर ऐकून घ्या. मला ओरडल्या, त्यामुळे माझा भाऊ आज बांधापर्यंत चालत येतो.

परवा एक म्हातारे गृहस्थ आले. सुकलेलं अंग, शिरा कुठे दिसेनात. लहान सिस्टरने दोनदा सुई टोचली, लागली नाही. मुल्ला सिस्टर आल्या. त्यांनी हात दाबून बघितला, चष्मा वर केला आणि मान न वळवताच म्हणाल्या, "मारुती, बघ जरा."

मी बोट ठेवलं. डोळे मिटले. कोपराच्या आतल्या बाजूला, खोल, एक मऊ दोरी बोटाखालून निसटली आणि परत आली. "इथं," मी म्हणालो. बोट तसंच ठेवलं. त्यांनी माझ्या नखाला लागून सुई घातली. लाल थेंब नळीत आला.

माझ्या हाताला ती सुई माहीत आहे. कुठल्या कोनात जाईल, कधी अडेल, कधी सुटेल, सगळं. पण ती माझ्या हातात येणार नाही. तो कागद चुलीत गेला. रोज ट्रेमधल्या सुया मी मांडून देतो आणि रोज माझी बोटं एक क्षण तिथे थांबतात.

एवढ्यावर सौदा पटला असं मी म्हणणार नाही. पण हात सोडलेला नाही.